वाड्याच्या चुन्याचा रिपोर्ट म्हणतो 'उच्च हायड्रॉलिक'. विश्वास ठेवावा का?

दरजा_भरणारा

नाशिकमधल्या भद्रकालीतल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी जोत्याच्या दरजांमधला चुना तपासून घेतला. जोतं काळ्या पाषाणाचं, वर वीट. रिपोर्टमधले आकडे असे:

वाळवलेला नमुना २५ ग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळलेला भाग ७.० ग्रॅम, वाळू १६.५, बारीक गाळ १.५. निष्कर्ष: चुना : वाळू = १ : ३.२.
विरघळलेल्या भागात (पूर्ण नमुन्याच्या टक्क्यांत) सिलिका ३.०, ॲल्युमिना १.२, लोह ऑक्साइड १.६, कॅल्शियम ऑक्साइड १२.०, मॅग्नेशिया ०.५. त्यावरून सिमेंटेशन इंडेक्स (चुना किती हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याखालीही घट्ट होणारा, हे सांगणारा आकडा) ०.८५, म्हणजे 'एमिनंटली हायड्रॉलिक, आयएस ७१२ चा ए वर्ग'. आयएस ७१२ हे बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक.
टीजीए (नमुना तापवत वजनातली घट मोजण्याची चाचणी): २०० ते ६०० अंशांत घट २.९ टक्के, ६०० च्या पुढे ८.८ टक्के. गुणोत्तर ३. शेरा: 'हायड्रॉलिक असल्याची पुष्टी'.

दोन वेगळ्या चाचण्या एकच उत्तर देतायत. पण गवंडीकाका दरज नखाने खरवडून म्हणतात, "हा साधा मऊ चुना आहे." कोणाचं ऐकायचं? आणि दुरुस्तीला प्रमाण काय सांगायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खलबत्ता

काकांचं.

त्रिरश्मी

खलबत्ता यांनी एका शब्दात संपवलं, पण कारणं लांबलचक आहेत.

आम्लाची ही चाचणी जिथून आली तिथे वाळू बहुतेक क्वार्ट्झची असते. क्वार्ट्झ आम्लात ढिम्म हलत नाही, त्यामुळे 'विरघळलं ते चुन्यातलं, उरलं ती वाळू' हे गृहीत तिथे चालतं. आपल्याकडची गोदावरी-दारणेची वाळू म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टचा चुरा. त्यात लॅब्राडोराइट, ऑगाइट, मॅग्नेटाइट तर आहेच, शिवाय दगडाच्या पोकळ्यांमधली भर आहे: कॅल्साइट, क्लोरोफेइट आणि झिओलाइट (आत पाणी धरून ठेवणारी खनिजं). नाशिकचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे बसलेत, तेच आपल्या वाळूतही आहेत. स्कोलेसाइटसारखं खनिज आम्लात टाकलं की चक्क जेली होते. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली ३ टक्के 'विरघळणारी सिलिका' चुन्यातून आली की वाळूतून, हे त्या आकड्यावरून कळतच नाही.

लोह १.६ टक्के पाहा. पांढऱ्या चुन्यातून एवढं लोखंड कुठून येणार? आम्ल पिवळं-हिरवट झालं होतं का ते लॅबला विचारा. झालं असेल तर बेसॉल्ट (किंवा सुरखी, म्हणजे विटेची पूड) खाल्ला गेलाय असं समजा.

गोदाकाठ

त्रिरश्मीताई, सहमत. पण टीजीएचं काय? तिथे आम्ल नाही. तरी गुणोत्तर ३ आलंय.

त्रिरश्मी

तिथेही तीच खनिजं आडवी येतात. टीजीएचा हिशोब असा: १२० अंशांपर्यंत ओलावा, १२० ते २०० जिप्समसारख्या क्षारांचं पाणी, २०० ते ६०० हायड्रॉलिक संयुगांत बांधलेलं पाणी, ६०० च्या पुढे कॅल्साइटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड. साध्या चुन्यात बांधील पाणी ३ टक्क्यांच्या आत, कार्बन डायऑक्साइड ३२ टक्क्यांच्या वर आणि गुणोत्तर १० च्या पुढे अशी खूण धरतात. गुणोत्तर जितकं खाली, तितका चुना हायड्रॉलिक.

पण झिओलाइटचं पाणी २०० च्या पुढेही निघत राहतं. मातीच्या खनिजांचंही. कार्बोनेट न झालेला विरलेला चुना ४५० च्या आसपास फुटतो, तोही याच खिडकीत. सेंद्रिय काही असेल तर ते जळतं, तेही इथेच. हे सगळं 'हायड्रॉलिक पाणी' म्हणून मोजलं गेलं.

दुसरी चूक जास्त ढोबळ आहे. ३२ टक्के कार्बन डायऑक्साइड म्हणजे जवळजवळ ७३ टक्के कॅल्साइट. वाळूसकट नमुन्यात एवढं कॅल्साइट असूच शकत नाही. त्या मर्यादा वाळू काढून उरलेल्या बंधकासाठी, म्हणजे दाणे जोडणाऱ्या निव्वळ चुन्यासाठी, आहेत: नमुना हलक्या हाताने मोकळा करायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचा भाग घ्यायचा आणि तो टीजीएत घालायचा. तुमच्या लॅबने ८.८ टक्के म्हणजे सरळ अख्खा नमुना भाजलाय. गुणोत्तरात वाळूचं पाणी आलं.

मिसळप्रेमी_४२२००१

थोडक्यात रस्सा किती हे मोजायला मिसळ उकळली आणि शेवही विरघळली. बरोबर ना?

खलबत्ता

@मिसळप्रेमी, दंडवत. हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

कॅल्साइट_काका

आता आकड्यांची झडती घेऊ, कारण या रिपोर्टने स्वतःविरुद्धच साक्ष दिली आहे.

टीजीएत कार्बन डायऑक्साइड ८.८ टक्के. २५ ग्रॅमचे झाले २.२ ग्रॅम. गुणिले २.२७ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ५.० ग्रॅम. आणि आम्लात विरघळलं किती? ७.० ग्रॅम. मग २ ग्रॅम कार्बोनेट नसलेलं काहीतरी विरघळलं. ते एकतर चुन्यातली हायड्रॉलिक संयुगं किंवा वाळूतला झिओलाइट वगैरे. रिपोर्टने सगळे ७ ग्रॅम कार्बोनेट धरले, त्याला ०.७४ ने (कार्बोनेटच्या वजनावरून मूळ चुन्याचं वजन काढायचा गुणक) गुणून ५.१८ ग्रॅम विरलेला चुना काढला आणि १६.५ ला भागून १ : ३.२ लिहिलं.

वाळू विरघळली असं धरलं तर चुना ५.० × ०.७४ = ३.७ ग्रॅम, वाळू १६.५ + २ = १८.५. प्रमाण १ : ५. एकाच नमुन्याची दोन उत्तरं, आणि मधला फरक फक्त एका गृहीताचा.

हे सगळं वजनाचं प्रमाण आहे बरं का. गवंडी घमेल्याने मोजतो. मुरलेल्या चुन्याच्या लगद्यात निम्मं पाणीच असतं, लिटरला साधारण ६५० ग्रॅम कोरडा चुना पडतो. वाळू लिटरला १.६ किलो. मग ५.१८ ग्रॅम चुना म्हणजे ८ मिली लगदा, १६.५ ग्रॅम वाळू म्हणजे १०.३ मिली. घमेल्याचं प्रमाण १ : १.३! दुसऱ्या गृहीताने ५.७ ला ११.६, म्हणजे १ : २. रिपोर्टमधलं '१ : ३.२' वाचून कोणी घमेल्याने तीन-सव्वातीन वाळू घातली तर दरज बोटाने भुगा होऊन पडेल, आणि मग 'चुन्यात दम नाही' म्हणून सिमेंटची गोणी फुटेल. बहुतेक ठिकाणी हेच होतं.

दरजा_भरणारा

काका, हे कोणी आधी सांगितलंच नाही. वजनाचं की घमेल्याचं याचा रिपोर्टमध्ये उल्लेखच नाही.

ओळंबा

थोडा विरोध नोंदवतो. झिओलाइट म्हणजे निव्वळ गडबड करणारा पाहुणा असं का धरताय? रोमन लोकांनी पोत्सुओलीची ज्वालामुखी राख चुन्यात घातली, तिच्यातही झिओलाइट असतो. दळलेला झिओलाइट चुन्याशी अभिक्रिया करतो हे सिद्ध आहे. मग आपल्या वाळूतल्या झिओलाइटने चुन्याला दोनशे वर्षांत हायड्रॉलिक केलं नसेल कशावरून? 'विरघळणारी सिलिका' खरीच असू शकते.

त्रिरश्मी

ओळंबा, शंका रास्त आहे. फरक दाण्याच्या आकाराचा. अभिक्रिया पृष्ठभागावर होते. ७५ मायक्रॉनखालचं पीठ असेल तर चुना त्याला पोखरतो. एक-दोन मिलिमीटरचा दाणा असेल तर फारतर कडेला पातळ पापुद्रा. आणि तो पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो! वाद घालायची गरजच नाही, पातळ काप करा.

काप ३० मायक्रॉनचा. आधी निळ्या रंगाचं इपॉक्सी निर्वातात जिरवायचं, म्हणजे पोकळ्या निळ्या दिसतात आणि घासताना पडलेला खड्डा कोणता, मूळचा कोणता हे कळतं. जिप्सम किंवा लोणा (भिंतीतले क्षार) असल्याची शंका असेल तर काप पाण्याने नाही, तेलाने. मग पाहायचं: वाळूच्या दाण्यांना अभिक्रियेच्या कडा आहेत का, विटेचे कण आहेत का, न जळलेली चुनखडी आहे का, सिमेंटचे न भिजलेले दाणे आहेत का. किमान तीनशे-चारशे बिंदू मोजले की चुना-वाळू-पोकळी यांचं प्रमाणही तिथूनच निघतं, तेही थेट आकारमानात. आम्ल नाही, ०.७४ नाही, काही नाही. जुन्या चुन्याच्या तपासाची सुरुवात कापाने व्हावी, रसायन नंतर. एएसटीएम सी १३२४ हे बांधकामाच्या मसाल्याच्या तपासाचं अमेरिकी मानकसुद्धा सूक्ष्मदर्शक आणि रसायन दोन्ही मागतं.

एक_शंका

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) केलं तर लगेच कळणार नाही का?

त्रिरश्मी

कॅल्साइट, जिप्सम, झिओलाइट कळतील. हायड्रॉलिक संयुगं बहुतेक अस्फटिक असतात, त्यांचा नुसता फुगवटा दिसतो आणि तोही फेल्डस्पारच्या शिखरांखाली दबतो. वर आपल्या वाळूतलं लोखंड तांब्याच्या नळीच्या किरणांनी स्वतःच चमकायला लागतं, त्यामुळे आलेखाचा पाया वर उचलला जातो. म्हणून पूड करण्याआधी चुंबक फिरवून काळे दाणे काढा. बेसॉल्टची वाळू चुंबकाला चिकटते, इथे तो गुण कामी येतो.

गोदाकाठ

ओळंबा आणि ताईंच्या वादात एक सोपी चाचणी राहून गेली. गाठी.

जुन्या चुन्यात पांढऱ्या गाठी असतात, ज्वारीपासून हरभऱ्याएवढ्या. तो वाळू न मिसळलेला निखळ बंधक आहे. सुईने त्या काढायच्या, भिंगाखाली वाळू झटकायची आणि फक्त त्यांचं विश्लेषण करायचं. एसईएम-ईडीएक्स (मूलद्रव्यंही सांगणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) असेल तर उत्तम. नसेल तर अर्धा ग्रॅम गाठी सौम्य आम्लात टाका. पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ राहिलं तर तो शुद्ध, म्हणजे 'फॅट' चुना, आयएस ७१२ चा सी वर्ग. तळाला चिकट गढूळ गाळ राहिला तर कंकराचा (मातीमिश्रित चुनखडीच्या गोट्यांचा), म्हणजे ई वर्ग, किंवा हायड्रॉलिक चुना. सिमेंटेशन इंडेक्स हा फक्त बंधकाचा आकडा आहे. ०.३ ते ०.५ सौम्य, ०.५ ते ०.७ मध्यम, ०.७ ते १.१ उच्च हायड्रॉलिक. वाळूसकट नमुन्याला तो लावला की काय होतं ते वरचे ०.८५ दाखवतायत.

जपून: सगळ्या गाठी सारख्या नसतात. मऊ, आतून भेगाळलेली, खडूसारखी ती विरलेल्या चुन्याची. कडक, कोनदार, आत क्वार्ट्झचे कण किंवा मूळ दगडाची नक्षी टिकलेली ती भट्टीत कच्ची राहिलेली चुनखडी. दुसरी चाचणीला घेतली तर पुन्हा फसवणूक.

कॅल्साइट_काका

उत्तम मुद्दा. आम्लाबद्दल भर घालतो. हार्डवेअरच्या दुकानातलं संडास धुवायचं आम्ल वापरू नका, ते आधीच लोखंडाने पिवळं असतं, रंगावरून काहीच कळणार नाही. लॅबचं घ्या, १० टक्क्यांपर्यंत पातळ करा (पाण्यात आम्ल, उलट नाही), थंडच ठेवा आणि फेस थांबला की लगेच गाळा. रात्रभर भिजत ठेवलं की वाळू विरघळणं आलंच. नमुना खलात कुटायचा नाही, बत्त्याने दाबून चोळून मोकळा करायचा. कुटला की वाळूची चाळणी खोटी. वाळवताना १०५ नाही, ६० अंश; जिप्सम असेल तर १०५ ला त्याचं पाणी जातं आणि त्याची ओळखही.

फेसाच्या वेळी फ्लास्कचं वजन करत राहिलात तर घटलेलं वजन म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. तोंडाला कापसाचा बोळा. आधी १ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट टाकून पाहा, ०.४४ घटलं पाहिजे. हे मिळालं की टीजीएशिवायही मघाचा ५ विरुद्ध ७ चा हिशोब करता येतो.

खलबत्ता

मला उद्देशून 'कुटायचं नाही'? प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पंचवटीकर

पण पेशवाईतल्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाची डाळ घालायचे ना? ते रिपोर्टमध्ये का नाही? आणि अंडी?

मिसळप्रेमी_४२२००१

गूळ, उडीद, वर अंडी. भिंत होती की बाळंतिणीचा खुराक?

त्रिरश्मी

पंचवटीकर, घालत असत, आजही घाणीच्या चुन्यात गूळ-हिरडा पडतो. पण ते सापडणं वेगळं. गुळातली साखर पावसात धुऊन जाते, सूक्ष्मजीव खातात. हिरड्यातलं टॅनिन फेरिक क्लोराइडला निळं-काळं होतं, डाळीची प्रथिनं निनहायड्रिनला जांभळी, स्टार्च आयोडीनला निळा. पण हेच रंग शेवाळ, वटवाघळांची विष्ठा आणि गवंड्याच्या डब्यातली पोळीही देते. म्हणून एकाच थेंबावर 'गूळ सापडला' लिहू नये. त्याच भिंतीपासून दूरचा, बंधक नसलेला कोरा नमुना शेजारी तपासायचा. नकारात्मक आलं तर 'घातलंच नव्हतं' असंही सिद्ध होत नाही.

वनस्पतीचे तंतू मात्र टिकतात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू ओळखले गेलेत, ते सूक्ष्मदर्शक आणि इन्फ्रारेडने.

ओळंबा

अवांतर: सिन्नरच्या गोंदेश्वरात कोणी चुना खरवडायला जाऊ नका. हेमाडपंती बांधणीत दगडाला दगड बसवलेला असतो, मूळ दरजेत चुना नसतो. सापडला तर तो नंतरच्या डागडुजीचा. आणि संरक्षित स्मारकातून परवानगीशिवाय नमुना घेणं हा १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्यांचा प्रश्न आहे, गंमत नाही.

एक_शंका

चुन्यावरून वाड्याचं वय कळतं का?

कॅल्साइट_काका

प्रमाणावरून नाही. कापात पोर्टलंड सिमेंटचा दाणा दिसला तर तो थर १८२४ च्या पेटंटनंतरचा, एवढंच ठाम. चुना सुकताना हवेतला कार्बन घेतो म्हणून कार्बन-१४ करतात, पण कच्ची चुनखडी आणि वाळूतलं कॅल्साइट जुना, 'मेलेला' कार्बन मिसळतात आणि भिंत हजारो वर्षं म्हातारी दिसते. पुन्हा तीच शेव.

गोदाकाठ

नमुना कुठून घेतला हेही विचारा. गोदेच्या पात्राजवळची भिंत असेल तर दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी जिच्यावरून सांगतात ती नदीपात्रातली मूर्ती) कमरेखाली येणाऱ्या पातळीचा आणि वरचा नमुना एक मानू नका. पुराने कॅल्साइट विरघळतो आणि दुसरीकडे साचतो, खालच्या दरजेत बंधक कमी दिसतो आणि वर पांढरी पुटं चढतात.

पृष्ठभागापासून किमान ५ ते १० सेंटिमीटर आत जा, छिन्नीने काढा. ड्रिलने वाळूचं पीठ होतं. एका प्रकारच्या दरजेचे तीन ठिकाणचे, प्रत्येकी १०० ग्रॅम, ढेकळं न मोडता, वेगळ्या पिशवीत. जोतं, वीटकाम, गिलावा यांची कधीही एकत्र खिचडी नको. भिंतीच्या गाभ्यात बऱ्याचदा मातीचा गाराच असतो. ढेकूळ पाण्यात सोडा, विरून चिखल झालं तर गारा. तोच आम्लात घालून 'बारीक गाळ जास्त, म्हणून सुरखी' असं लिहिलेले रिपोर्ट फिरत असतात.

ओळंबा

सुरखी असेल तर गाळ गुलाबी दिसतो. आणि ती योग्य तापमानाला, ढोबळ ६०० ते ९०० अंशांत, भाजलेल्या विटेची हवी. खंगर (जास्त भाजून काचेसारखी झालेली वीट) दळून घातली तर ती काचेसारखी निव्वळ वाळू.

दरजा_भरणारा

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. लॅब म्हणाली आम्ल पिवळं-हिरवट होतं आणि नमुना रात्रभर ठेवला होता. त्याच ढेकळांमधून मऊ गाठी काढल्या, साधारण अर्धा ग्रॅम, आम्लात पूर्ण विरघळल्या. पाणी स्वच्छ, तळाला जवळपास काही नाही. गाळ करडा, गुलाबी नाही. चुंबकाला निम्म्याहून जास्त वाळू चिकटली. फिनॉल्फ्थॅलिनला (कार्बोनेट न झालेला चुना असेल तर गुलाबी होणारं द्रावण) रंग नाही.

गोदाकाठ

मग गवंडीकाकांचं नख बरोबर. फॅट चुना, बेसॉल्टची वाळू, सुरखी नाही, पूर्ण कार्बोनेट झालेला. फिनॉल्फ्थॅलिनने फक्त एवढंच कळतं, जुनं सिमेंटही कार्बोनेट झालं की रंग देत नाही. म्हणून एक काप कराच.

ओळंबा

गाठी स्वच्छ निघाल्या म्हणजे माझा झिओलाइटचा दावा निम्मा पडला. उरलेला निम्मा कापातल्या कडांवर.

दरजा_भरणारा

आणि मूळ प्रश्न? गवंडीकाकांना काय सांगू?

कॅल्साइट_काका

घमेल्याने १ : १.३ ही एक टोकाची शक्यता, १ : २ ही दुसरी. गाठी शुद्ध निघाल्या, त्यामुळे पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. बांधीव दरजेला १ लगदा : २ वाळू आणि १ : १.५ असे दोन नमुने एखाद्या आडबाजूच्या दरजेत भरा. लगदा निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला. वाळूची चाळणी तुमच्या १६.५ ग्रॅमशी जुळवा: ४.७५, २.३६, १.१८ मिमी, ६००, ३००, १५० मायक्रॉन, प्रत्येक चाळणीवर किती अडकलं ते लिहून. आजकालची क्रशरची कच तशीच घेऊ नका, तिच्यात पीठ फार.

दरज आधी भिजवा, थर १० ते १२ मिमीपेक्षा जाड नको, आणि निदान आठवडाभर ओलं गोणपाट. फॅट चुना हवेने घट्ट होतो, पाण्याखाली नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. जमिनीलगतच्या सतत ओल्या दरजांना मात्र हा चुना पुरणार नाही. तिथे लगद्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चाळलेली सुरखी घाला आणि मूळ चुन्यात ती नव्हती हे कागदावर नोंदवा.

खलबत्ता

आणि रिपोर्टवर गवंडीकाकांची सही घ्या.